इंजिनाला फुटलेला घाम

आमच्या भाईंदरच्या सोसायटीत गाड्या इमारतीखाली खांबांमध्ये उभ्या राहतात आणि खालच्या फरश्या फिकट पिवळ्या आहेत. त्यामुळे कुणाच्या गाडीतून काय गळतं हे झाकून राहत नाही. एसीचं पाणी दुपारपर्यंत वाळून जातं, पण तेलाचा डाग गाडी विकली तरी मागे राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या बारा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला, आणि सोसायटीची नोटीस लागायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. वॉचमनकाकांनी काही न बोलता फ्रिजच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणला आणि गाडीखाली सरकवला. त्यांना फरशी वाचवायची होती. पण गळतीच्या तपासाची सुरुवात करायला पुठ्ठ्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं साधन नाही, हे मला मागाहून कळलं.

पुठ्ठ्यावर रंग दिसतो, जागा दिसते आणि थेंब मोजता येतात. हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर ते रेडिएटरचं कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, निसरडं काही असेल तर ब्रेक ऑइल. तिथे लेख वाचत बसू नये, गाडी जागची हलवू नये. काळपट तपकिरी, बोटावर चोळलं की तुळतुळीत लागणारं ते इंजिन ऑइल. माझ्या पुठ्ठ्यावर रात्रभरात असे बारा थेंब पडले होते. एक थेंब म्हणजे ढोबळमानाने मिलिलिटरचा विसावा भाग. म्हणजे रात्रीचं नुकसान अर्धा मिलीच्या थोडं वर, महिन्याचं पुरते चार चमचेही नाही. याला गॅरेजवाले गळती म्हणतच नाहीत. ‘घाम येतोय’ म्हणतात.

हिशेब मात्र फसवा असतो, कारण उभ्या गाडीतलं तेल नुसतं ओघळतं. चालत्या इंजिनात ते उडतं, तापतं, दाबाखाली फिरतं. मिनिटाला एक थेंब हा वेग डोळ्याला काहीच वाटत नाही, पण त्या वेगाने दिवसाला ७२ मिली आणि दोन आठवड्यांत एक लिटर तेल जातं. लहान गाडीच्या डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत अंतर साधारण तेवढंच असतं. आणि डॅशबोर्डवरचा लाल तेलदिवा तेलाची पातळी दाखवतो हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. तो दाखवतो दाब. तो पेटेपर्यंत पंपाला ओढायला तेल उरलेलं नसतं. तो दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, पुढच्या सिग्नलपर्यंतसुद्धा जायचं नाही.

काशीमिऱ्याच्या एका गॅरेजात बॉनेट उघडताच निकाल लागला. ‘टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. आत्ता वरून अ‍ॅनाबॉन्ड मारून देतो, दहा मिनिटांत निघा.’ अ‍ॅनाबॉन्ड हे चेन्नईच्या एका कंपनीचं नाव. आपल्या गॅरेजांत मात्र ट्यूबमधून निघणारं कुठलंही सिलिकॉन म्हणजे अ‍ॅनाबॉन्डच, जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. कव्हर न उघडता, कडेच्या ओघळावर बाहेरून लाल किंवा काळ्या सिलिकॉनची वेलांटी काढायची, हा ठरलेला उपचार. तो का टिकत नाही हे समजून घ्यायचं तर आधी तेल मुळात कुठून वाट काढतं ते पाहायला हवं.

इंजिन एका तुकड्याचं नसतं. मधला ब्लॉक, त्यावर हेड, हेडवर टॅपेट कव्हर, खाली तेलाचं चेंबर, पुढे टायमिंग कव्हर, आणि फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे ऑइल सील. प्रत्येक जोडावर दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसतात. हाताला आरशासारखे लागले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते सह्याद्रीच असतात. शिखरं शिखरांना टेकतात आणि दऱ्या मोकळ्या राहतात. या दऱ्या बुजवायला मध्ये काहीतरी मऊ घालतात. ते पॅकिंग.

पातळ फटीतून किती द्रव जातो याचा नियम मोठा मजेदार आहे. प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. तिप्पट झाली तर सत्तावीसपट. ‘अहो, वर्षभर थोडंसंच गळत होतं, एकाएकी वाढलं’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. आणि म्हणूनच केसापेक्षा पातळ सीलंटचा थर चमत्कार करू शकतो: त्याला भिंत बांधायची नसते, फक्त शेवटची दरी भरायची असते. फट निम्मी केली की गळती आठव्या हिश्श्यावर येते.

दुसरा भिडू उष्णता. २०डब्ल्यू-४० जातीचं तेल १०० अंशांवर जितकं घट्ट असतं, त्याच्या सात-आठ पट घट्ट ते ४० अंशांवर असतं. घोडबंदरच्या घाटात ट्रकांच्या मागे तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलेलं इंजिन तेलाला पार पातळ करून ठेवतं. तशी गाडी घरी येऊन उभी राहिली की कडेला जमलेलं तेल निवांत ओघळू लागतं. सकाळचा डाग हा बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकचा असतो.

पॅकिंग कशाचं, यावरही बरंच अवलंबून. पद्मिनी टॅक्सीच्या, म्हणजे जुन्या फियाटच्या, टॅपेट कव्हरखाली बुचाचं पॅकिंग असे. बूच अजब चीज आहे. दाबल्यावर रबर बाजूला फुगतं. बूच जवळजवळ फुगतच नाही, आतल्या हवेच्या कप्प्यांत स्वतःला मिटून घेतं. पण ते वाळतं, कडक होतं, तडकतं. मग ड्रायव्हर नट आवळतो. पातळ पत्र्याचं कव्हर दोन बोल्टांच्या मध्ये धनुष्यासारखं वर उचललं जातं आणि गळती वाढते. मग तो आणखी आवळतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, तरी नट आवळून गळती थांबवायची सवय मात्र टिकून आहे. आजच्या गाड्यांत बुचाच्या जागी साच्यातलं रबर असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेही ताठरतं. जुनं पॅकिंग काढून नखाने दाबून पाहा. नव्यात नख रुततं, जुन्यात टिकटिक वाजतं.

आता ट्यूबकडे येऊ. सीलंट म्हणजे आळशी मेकॅनिकचा जुगाड, असं समजणारे बरेच आहेत. ते चूक आहेत. आज कितीतरी गाड्यांच्या चेंबरला कारखान्यातूनच पॅकिंग नसतं. यंत्र तिथे सिलिकॉनची दोन-तीन मिलिमीटरची अखंड वात सोडतं आणि चेंबर बसवतं, झालं. ट्यूबमधल्या सिलिकॉनचा कणा सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा, म्हणजे वाळूचाच दूरचा नातलग. ही साखळी इंजिनाची उष्णता सहज सोसते. ट्यूबमध्ये ती लोण्यासारखी असते आणि हवेतला ओलावा लागला की रबर होते. बाहेरून आत, दिवसाला दोनेक मिलिमीटर, अशी सावकाश. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत वरची साय लवकर धरते, आणि एकदा वापरून कपाटात ठेवलेली ट्यूब पुढच्या वेळी तोंडाशी दगड झालेली सापडते, त्याचं कारणही हेच. पण साय धरली म्हणजे दही लागलं असं नाही. दहा मिनिटांत गाडी घेऊन जा म्हणणारा माणूस सायीवर दुकान चालवतो.

सिलिकॉनमध्येही जाती आहेत. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं. बाथरूमच्या टाइल्सना ठीक, इंजिनाच्या धातूला नाही. इंजिनासाठी वेगळ्या जातीचं, धातूला न खाणारं आणि तेल सोसणारं सिलिकॉन मिळतं. ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण स्वस्त सिलिकॉनची वाफ सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरला आंधळं करू शकते. आणि पेट्रोल जिथे लागतं तिथे कुठलंच साधं सिलिकॉन नको. पेट्रोल पिऊन ते फुगतं आणि सुटून येतं.

एक मंडळी बरोबर उलट्या स्वभावाची. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये एका द्रवाला बाटलीत टिकून राहायला शिकवलं. हा द्रव हवा असेपर्यंत पातळ राहतो. दोन धातूंच्या मध्ये कोंडला, हवा तुटली, की घट्ट होतो. लॉकटाइट ती हीच. तिची बाटली कधीच काठोकाठ भरलेली नसते. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. खरं तर वरची मोकळी हवाच तिला जिवंत ठेवते. कातलेल्या सपाट ओतीव धातूच्या जोडांना ही चांगली. पत्र्याच्या वाकड्या चेंबरला तिचा उपयोग नाही.

आणि या सगळ्यांची आजी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात, ती स्पिरिटमध्ये विरघळवून तपकिरी चिकट पातळ करतात. जुने मेकॅनिक कागदी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना तेच फासत. स्पिरिट उडून जातं, लाख राहते, आणि खनिज तेलात ती विरघळत नाही. रांचीजवळ १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. लाक्षागृहात पांडवांना जाळायला निघालेला पदार्थ इंजिनाच्या गरम अंगाला चिकटून बसतो, याची गंमत मला वाटत राहते. पण आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलजवळ लाख नको. इथेनॉल म्हणजे तिला विरघळवणारं अल्कोहोलच.

तेलात ओतायच्या ‘लीक स्टॉप’ बाटल्यांचं काम वेगळं. त्या भोक बुजवत नाहीत. ताठरलेल्या रबरात शिरून त्याला थोडं फुगवतात, मऊ करतात. दांड्याभोवतीचं ऑइल सील जरासं पाझरत असेल आणि ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागणार असेल, तर करून पाहायला हरकत नाही. कागद, बूच किंवा सिलिकॉनच्या जोडाला त्या बाटलीचा काही उपयोग नाही.

मग बाहेरून फासलेलं सिलिकॉन का टिकत नाही? एक तर खाली तेलाचा पापुद्रा असतो, आणि तेलावर काहीच चिकटत नाही. हात तेलकट असताना चिकटपट्टी लावून पाहा. दुसरं, जोडाच्या आत बसलेल्या थराला बोल्ट दोन्हीकडून दाबून धरतात. बाहेरच्या थराला धरायला कुणीच नाही आणि आतलं तेल त्याला मागून ढकलतंय. आठवडाभर थेंब पडत नाही, कारण तेल त्या वेलांटीच्या मागून दुसरीकडे वाट शोधत असतं. चेंबरला दगड लागून बारीक भोक पडलं असेल तर गोष्ट निराळी. तेल काढून, चेंबर खरवडून चकचकीत कोरडं करून, मळलेल्या एम-सीलचा गोळा दाबला तर घरी पोचता येतं. पण त्यातही निम्मं यश खरवडण्याचं.

आतून लावतानाही हात आखडता हवा. जितकं सिलिकॉन बाहेर डोकावतं तितकंच आतही डोकावतं. बाहेरचं दिसतं म्हणून पुसलं जातं. आतली शेवई सुटून तेलात पडते, फिरत फिरत पंपाच्या जाळीवर जाऊन बसते, आणि जाळी तुंबली की तेलाचा दाब जातो. चमचाभर तेल वाचवायला निघालेल्या माणसाचं इंजिन जाम होतं. मला विचाराल तर थोडी गळती परवडली, जास्तीचं सीलंट नको.

आणखी एक प्रश्न पॅकिंगला हात लावायच्या आधी विचारायचा: आतून दाब येतोय का? पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी ठेवलेली असते. ती काजळीने तुंबली की वायू दुसरी वाट शोधतो आणि जाताना तेल घेऊन जातो. जुनी, बिडाच्या इंजिनाची बुलेट तेल गाळत नसेल तर तेल संपलं असं समजावं, हा विनोद ऐकलाच असेल. त्या बुलेटच्या ब्रीदरला बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असे. हवा बाहेर सोडायची, आत घ्यायची नाही. चोच कडक झाली की इंजिन आतून फुगे आणि प्रत्येक जोडाला घाम फुटे. मालक मात्र पॅकिंगवर पॅकिंग बदलत राही. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढून पाहिलं आणि धापा टाकल्यासारखा धूर आला, तर ‘इंजिन बॅक मारतंय’ म्हणतात. ते पिस्टन-रिंगांचं दुखणं. ट्यूबने बरं होत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका मित्राबरोबर उत्तनला गेलो होतो. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होते, आणि उत्तन, पाली, चौकच्या बोटींची वर्षाची डागडुजी याच दिवसांत निघते. एका बोटीत सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन उघडं होतं. मेकॅनिकने पॅकिंगचा जाड कागद कव्हरच्या कडेवर ठेवला आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकं टकटक करत गेला. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता. बोल्टांची भोकंसुद्धा तशीच. पाच मिनिटांत नेमक्या मापाचं पॅकिंग तयार. मग त्याने जवळजवळ अर्धा तास नुसतं कव्हर साफ केलं. खाऱ्या हवेने धातूला पडलेले बारीक खड्डे बोटाने चाचपत होता. मी सीलंटबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘लावतो ना दादा. खड्ड्यापुरतं.’

बोटीत घाम आला तर पुठ्ठा सरकवायला जागा नसते. तेल तळाशी साचलेल्या पाण्यात पडतं आणि पाणी उपसलं की समुद्रात जातं. ४०० टनांवरच्या जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमाने दहा लाख भाग पाण्यात १५ भागांपेक्षा जास्त तेल सोडता येत नाही. लहान बोटी त्या मापात बसत नाहीत. पाण्यावर तेल पसरतं किती याचा प्रयोग बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपहॅममधल्या तळ्यावर केला आणि १७७४ मध्ये छापला: चमचाभर तेलाने सुमारे अर्धा एकर पाणी शांत केलं होतं. इंजिन ऑइल इतकं पातळ पसरत नाही. तरी एक मिली, म्हणजे माझ्या पुठ्ठ्यावरच्या दोन रात्रींहून कमी, दहाएक चौरस मीटर पाण्यावर चंदेरी तवंग धरायला पुरतं. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो सुरू झाली. तिच्या कठड्याशी उभं राहून उन्हात खाली पाहिलं तर तेलाचे रंगीत पट्टे कधीकधी दिसतात. पावसात आमच्या इमारतीखालची फरशी धुऊन निघते तेव्हा ते पाणीही शेवटी खाडीकडेच जातं.

उत्तनहून आल्यावर दहा मिनिटांचा उपचार रद्द केला आणि एका रविवारी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे पूर्ण दिवस सोडली. त्याने आधी इंजिन धुऊन, पुसून, शंकेच्या सगळ्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी दहिसर टोलनाक्यापर्यंत फिरवून आणली. तेल नेहमी वरून खाली आणि वाऱ्यासोबत मागे पळतं. डाग चेंबरखाली असला तरी उगम दीड फूट वर असू शकतो. पावडरीत ओली रेघ उमटली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून ती एक्झॉस्टच्या दिशेने उतरत होती, हे पाहून मी जरा गप्प झालो. तिथला धातू तेल पेटण्याइतका तापू शकतो. सिग्नलला येणारा जळका वास मी पुढच्या रिक्षाच्या माथी मारत आलो होतो.

आधी ब्रीदरची नळी काढून साफ केली. मग कव्हर. कुणीतरी पूर्वी बाहेरून फासलेलं लाल सिलिकॉन मासळीच्या खवल्यांसारखं निघालं. पॅकिंग वाजत होतं. अॅल्युमिनियमवर ओरखडे नकोत म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणं, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसणं. पेट्रोलने पुसू नये. चकचकीत दिसतं पण तेलकट थर ठेवून जातं, शिवाय आगीचा धोका. नवं रबरी पॅकिंग कोरडंच बसवलं. सिलिकॉन लागलं ते फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांत, जिथे हेड आणि टायमिंग कव्हर यांच्या जोडावर पॅकिंगला वळण घ्यावं लागतं. तुरीच्या दाण्याएवढे दोन ठिपके. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे, आलटून पालटून. शेवटचा जोर किती? वीतभर पान्याच्या टोकाला साडेचार-पाच किलोचं वजन टांगावं, तेवढाच. आमच्या सगळ्यांच्या हाताला तो जोर कमी वाटतो आणि तिथेच बोल्ट तुटतात.

गाडी रात्रभर तिथेच राहिली. ट्यूबमधलं सिलिकॉन जवळपास तसंच शिल्लक होतं. मेकॅनिकने ती मला दिली, आणि दोन महिन्यांनी तिचं टोक अर्थातच दगड झालं.

पुठ्ठा मात्र मी अजून काढलेला नाही. परवा सकाळी त्यावर पुन्हा एक ओला ठिपका दिसला. ऑफिसला उशीर होत असताना गुडघ्यावर बसून बोट लावलं, चोळलं, वास घेतला. पाणी होतं. एसीचं.